व्हायोलिनच्या चार तारा

व्हायोलिनच्या तारांचा ‘सेट’, म्हणजे एकाच कारखान्यात बनलेल्या चार तारा एका पाकिटात, ही विसाव्या शतकातली सोय आहे. वाद्य तिच्याहून सुमारे चारशे वर्षांनी जुने. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत व्हायोलिन आकाराला आले आणि तेव्हापासून पहिल्या महायुद्धापर्यंत वादक तारा सुट्याच घेत आला. वरची तार एका गावची, मधल्या दोन दुसरीकडच्या, खालची धातूचे वेष्टन चढवणाऱ्या तिसऱ्याच कारागिराची, असा मामला असे. चारही तारांच्या अडचणी निराळ्या होत्या आणि त्या निराळ्या काळात, निराळ्या धंद्यांनी सोडवल्या. आज पाकीट एक असले तरी आतल्या चार तारा एका कुळातल्या नसतात, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

पाश्चात्त्य जुळणीत खालून वर जी, डी, ए आणि ई अशा तारा असतात. आपल्याकडच्या पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमावर. कंपनसंख्येत सांगायचे तर जी 196, डी सुमारे 294, ए 440 आणि ई सुमारे 659. चौघींची वाजती लांबी मात्र एकच, साधारण 33 सेंटिमीटर. तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर कसा ठरतो याचे गणित मारँ मेर्सेन या फ्रेंच पंडिताने 1636 मध्ये मांडले. त्या गणिताने पाहिले, तर एकाच पदार्थाच्या आणि सारख्या ताणाच्या तारांत प्रत्येक खालची तार वरच्या तारेच्या दीडपट जाड लागते. ई तार 0.65 मिलिमीटरची धरली तर जी तार 2.2 मिलिमीटरची होते. आतड्याची इतकी जाड तार नीट वाकत नाही, गज लावल्यावर उशिरा बोलते आणि तिचे उपस्वर मूळ सुराशी जमत नाहीत. जी तारेचे दुखणे हे असे जाडीचे होते.

ई तारेचे दुखणे उलट होते. ती तुटे. यावर जाड तार घ्यावी असे कोणालाही वाटेल, पण त्याचा उपयोग होत नाही. जाड तार जास्त ताण सोसते हे खरे, मात्र त्याच सुराला आणायला तिला ताणही तेवढ्याच प्रमाणात जास्त द्यावा लागतो. ठरावीक लांबीची तार कोणत्या सुरावर तुटेल हे पदार्थाच्या ताकदीवर आणि घनतेवर ठरते, जाडीवर नाही. व्हायोलिनच्या लांबीला आतड्याची तार ई सुरावर येते तेव्हा ती तुटण्याच्या हद्दीच्या अगदी जवळ असते. त्यात हवेतला दमटपणा, बोटांचा घाम आणि घोडीवरची घासण यांची भर पडली की ती कार्यक्रमाच्या मध्येच जाई. त्यामुळे वरच्या तारेसाठी उत्तमातला उत्तम माल लागे आणि तार बनवणाऱ्याची परीक्षा या एकाच तारेवर होई.

तो माल म्हणजे मेंढीचे आतडे. इंग्रजीतल्या ‘कॅटगट’ या नावाने मांजराचा गैरसमज पुष्कळांच्या डोक्यात बसला आहे, पण या धंद्यात मांजराला कधीच जागा नव्हती. सारंगीच्या तीन मुख्य तारा आजही तातीच्या, म्हणजे आतड्याच्याच असतात, त्यामुळे ही कल्पना भारतीय वाद्यकारालाही परकी नाही. इटलीत या कामाचे मोठे केंद्र होते आब्रुत्सो हा डोंगराळ प्रांत. मायेल्ला पर्वताच्या उतारावरची साल्ले, बोलोन्यानो, मुसेल्लारो ही लहान गावे तार बनवणाऱ्यांची म्हणून ओळखली जात. आब्रुत्सोचे धनगर उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात दक्षिणेला पुल्यिआच्या सपाटीवर मेंढरे नेत. त्यामुळे कच्चा माल दाराशीच होता. या गावांतले कारागीर नेपल्सला आणि रोमला जाऊन स्थिरावले आणि ‘नेपल्सची तार’, ‘रोमची तार’ ही नावे युरोपभर चालू लागली.

मेंढीचे लहान आतडे वीसेक मीटर लांब भरते. जनावर कापल्याबरोबर, ऊब असतानाच, ते सोडवून घ्यावे लागते. उशीर झाला की आतल्या घाणीचा डाग बसतो आणि कुजण्याने ताकद जाते. आतडे अनेक थरांचे असते. आतले श्लेष्मल अस्तर आणि बाहेरची चरबी व पातळ त्वचा बोथट पात्याने खरवडून काढतात. मागे उरतो तो मधला, पांढरट, चिवट तंतूंचा थर, आणि तार बनते ती एवढ्यातूनच. मग ही आतडी खाराच्या पाण्यात भिजत घालतात. जुन्या काळी हा खार राखेतून किंवा दारूच्या पिंपातली वाळलेली मळी जाळून मिळे. पाणी दररोज बदलायचे आणि दर वेळी खार थोडा वाढवायचा. खार कमी पडला तर चरबी राहते, जास्त झाला तर तंतूच विरघळू लागतात. कारागिराची सगळी कसोटी इथे लागे, कारण या पायरीवर माप बोटांखेरीज दुसरे नसे.

यानंतर जाडीप्रमाणे आतडी एकत्र घेऊन ओली असतानाच त्यांना पीळ देतात. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झेरोम लालांद 1765-66 मध्ये इटलीत फिरला, तेव्हा त्याने नेपल्समधल्या या धंद्याची बारकाईने नोंद केली. त्याच्या सांगण्याप्रमाणे मँडोलिनच्या बारीक तारेला दोन आतडी, व्हायोलिनच्या वरच्या तारेला तीन आणि सर्वांत खालच्या तारेला सात लागत. पीळ दिलेल्या तारा चौकटीवर ताणून बंद खोलीत गंधकाची धुरी देत, त्याने त्या उजळत आणि कीड लागत नसे. पुन्हा पीळ, पुन्हा धुरी, मग वाळवण. शेवटी घोड्याच्या केसांच्या दोरीने घासून त्या गुळगुळीत करत आणि ऑलिव्हचे तेल हलकेच चोळत. लालांदच्या नोंदीत आंजेलो आंजेलुच्ची या नेपल्सच्या कारखानदाराचे नाव येते. अठराव्या शतकात या धंद्यातले ते सर्वांत मोठे नाव होते.

खरेदी करणाऱ्याला मात्र कारखाना दिसत नसे, हातात फक्त तार येई. ती सबंध लांबीत एकसारखी जाड आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, आणि एकसारखी नसलेली तार कितीही जुळवली तरी पुढच्या स्वरांवर बेसूर बोलते. त्यासाठीची परीक्षा सोळाव्या शतकातल्या ल्यूट या तंतुवाद्याच्या पुस्तकांत सापडते. जर्मनीत हान्स गेर्ले याने 1532 मध्ये ती दिली आहे. तारेचा वाजण्याएवढा तुकडा दोन्ही हातांत ताणून धरायचा आणि बोटाने छेडायचा. कंप पावणाऱ्या तारेच्या दोन स्वच्छ कडा दिसल्या आणि मध्ये धूसर पडदा राहिला तर तार खरी. मध्येच तिसरी रेघ थरथरताना दिसली तर तार खोटी, ती टाकून द्यायची. पुढे तीनशे वर्षांनी, 1832 मध्ये, लुडविग श्पोर या जर्मन वादकाने आपल्या व्हायोलिनच्या पाठ्यपुस्तकात जवळजवळ हीच रीत पुन्हा सांगितली. इतका काळ टिकलेली दुसरी कसोटी या वाद्याच्या व्यवहारात शोधून सापडणार नाही.

एक तार खरी निघाली तरी चारींचा मेळ राहतोच. त्यासाठी लेओपोल्ड मोत्सार्टने 1756 च्या आपल्या व्हायोलिनवरच्या ग्रंथात एक उपाय दिला आहे. दोन तारांना सारखी वजने टांगायची आणि त्या आपोआप पंचमात बोलतील अशी जोडी मिळेपर्यंत तारा बदलत राहायचे. म्हणजे चारही तारांना सारखा ताण हे त्याच्या मनातले आदर्श रूप होते. मेर्सेनचे गणित इथे दुकानाच्या पातळीवर उतरलेले दिसते, पण जी तारेच्या जाडीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न त्याआधीच दुसऱ्या वाटेने सुटू लागला होता. आतड्याच्या किंवा रेशमाच्या गाभ्यावर धातूची बारीक तार गुंडाळली तर जाडी न वाढवता वजन वाढते. लंडनमध्ये सॅम्युएल हार्टलिब या अभ्यासकाच्या टिपणांत 1659 साली गोरेत्स्की नावाच्या माणसाच्या अशा तारांचा उल्लेख आहे आणि 1664 मध्ये जॉन प्लेफर्डने आपल्या संगीताच्या पुस्तकात त्यांची जाहिरात केली. व्हायोलिनच्या बाबतीत हा बदल सगळीकडे एकदम झाला नाही. इटलीत जी तार बराच काळ नुसत्या आतड्याची चालू राहिली. फ्रान्समध्ये 1712 च्या सुमारास सेबास्तियाँ द ब्रोसार जी तार पूर्ण वेष्टनाची आणि डी तार अर्ध्या वेष्टनाची, म्हणजे धातूचे वेढे मध्ये जागा सोडून दिलेली, असल्याचे सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वरच्या तीन तारा आतड्याच्या आणि जी चांदी किंवा तांब्याच्या वेष्टनाची ही मांडणी पक्की झाली, आणि ती पुढे सव्वाशे वर्षे टिकली. केवळ जी तारेवर वाजवायच्या रचनांनी पॅगानिनीने श्रोत्यांना थक्क केले ते वेष्टनाच्या याच तारेवर. साध्या जाड आतड्यावर त्या उंच जागा इतक्या स्पष्ट बोलणे अवघड होते.

एकोणिसाव्या शतकातल्या ग्राहकाची खरेदी अशी होती: ई तारा जुडग्यात, एकेक तार तीन-चार वेळा पुरेल एवढी लांब. तुटली की तिच्यातूनच पुढचा तुकडा कापून चढवायचा. ए आणि डी तुलनेने कमी लागत. जी वेगळी आणि महाग. ई तारेसाठी इटलीचाच माल हवा, असा आग्रह श्पोरच्या काळापासून पुस्तकांतून दिसतो. पण व्यापाराचे वजन हळूहळू उत्तरेकडे सरकले. ऑफेनबाखमध्ये इटलीहून आलेल्या जोर्जो पिरात्सीने 1798 मध्ये सुरू केलेला धंदा पुढे पिरास्ट्रो या नावाने मोठा झाला. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या गावाने तर वाद्ये आणि तारा या दोन्हींत जगाची बाजारपेठ काबीज केली. स्थानिक मेंढ्या कधीच पुरेनाशा झाल्या होत्या, म्हणून आतडी खारवून, वाळवून परदेशांतून येत. निर्यात एवढी वाढली की 1893 मध्ये अमेरिकेने या लहानशा गावात स्वतःची वकिलातीची कचेरी उघडली.

याच काळात आतड्याच्या तारेवर तीन बाजूंनी दाब आला. पहिला सुराचा. वाद्यवृंदाचा ए पूर्वी ठिकठिकाणी वेगळा आणि बहुधा खाली असे. फ्रान्सने 1859 मध्ये तो 435 वर ठरवला आणि 1939 च्या लंडन परिषदेत 440 मान्य झाला. आज जुन्या संगीतासाठी वापरतात त्या 415 वरून 440 वर येताना सूर अर्ध्याच स्वराने चढतो, पण ताण बारा टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. आधीच हद्दीवर असलेल्या ई तारेला हा फरक सोसण्याजोगा नव्हता. दुसरा दाब दवाखान्यांचा. जोसेफ लिस्टरने 1869 च्या सुमारास जंतुनाशकात भिजवलेल्या आतड्याचा धागा शस्त्रक्रियेत आणला आणि चांगल्या आतड्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. तिसरा टेनिसचा. लिआँच्या बाबोला घराण्याने 1875 मध्ये रॅकेटसाठी आतड्याच्या तारा काढल्या. 1914 मध्ये युद्ध पेटले तेव्हा टाक्यांच्या धाग्याची गरज अफाट वाढली, सीमा बंद झाल्या आणि वादकाच्या वाट्याला उरलेसुरले आले.

पोलादाची ई तार तोवर अस्तित्वात होती, पण प्रतिष्ठित नव्हती. तिचा आवाज पातळ आणि करकरीत, असा जाणकारांचा शेरा असे, आणि त्या काळच्या पोलादाबद्दल तो अन्यायाचा नव्हता. टंचाईने ती प्रतिष्ठितांच्या वाद्यांवर चढली आणि नंतर उतरली नाही. 0.26 मिलिमीटरच्या आसपासची ही तार ई सुरावर आली तरी तुटण्याच्या हद्दीपासून बरीच दूर असते. दमट हवेने तिचा सूर उतरत नाही. ती खोटी निघण्याचा धोकाही नगण्य. एक अडचण मात्र नवी आली: पोलाद इतके कमी ताणले जाते, की खुंटी जराशी फिरली तरी सूर उडी मारतो. त्यामुळे तारेच्या खालच्या टोकाला बारीक स्क्रू बसवावा लागला. आज पुष्कळ व्हायोलिनवर एकाच तारेला असा स्क्रू दिसतो, तो याचा पुरावा. दुसरी अडचण अजूनही पुरती गेलेली नाही. मोकळी ई तार कधी कधी गजाखाली शीळ घालते, कारण तार आडवी कंप न पावता स्वतःभोवती पिळवटत कंप पावू लागते. नामांकित वादकांपैकी फ्रिट्झ क्राइस्लरने पोलादाकडे वळायला बराच काळ घेतला. याशा हाइफेट्झने तडजोड केली: ई पोलादाची, पण ए आणि डी अखेरपर्यंत साध्या आतड्याच्या. त्याच्या ध्वनिमुद्रणांतला मधल्या तारांचा किंचित खरखरीत, बोलका पोत पुष्कळ अंशी त्या आतड्याचा आहे.

खालच्या तीन तारांना पोलादाचा गाभा देण्याचे काम व्हिएन्नात झाले. व्हायोलिन बनवणारा फ्रान्झ थोमास्टिक आणि अभियंता ओट्टो इनफेल्ड यांनी 1919 मध्ये एकत्र कारखाना काढला. चारही तारा एका हातच्या, एकमेकींशी जुळवून आखलेल्या असाव्यात हा विचार इथून रुजत गेला. पोलादी गाभ्याच्या तारा टिकाऊ आणि पक्क्या सुराच्या होत्या, तरी त्यांचा आवाज आतड्याच्या उबेपुढे कमी पडतो ही तक्रार एकल वादकांनी सोडली नाही. तिला उत्तर रसायनशास्त्राने दिले. जर्मनीत पाउल श्लाक याने 1938 मध्ये पेरलॉन हा नायलॉनचा प्रकार शोधला होता. थोमास्टिक-इनफेल्डने 1970 मध्ये पेरलॉनच्या अनेक बारीक धाग्यांच्या गाभ्यावर धातू गुंडाळून ‘डॉमिनंट’ ही तार आणली. आतड्यासारखा मऊ गाभा, पण पाणी कमी पिणारा आणि सुरात स्थिर राहणारा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत संगीत शाळांपासून मोठ्या वाद्यवृंदांपर्यंत ती सर्वांची तार झाली. आजच्या बहुतेक महाग तारा याच कल्पनेच्या सुधारित आवृत्त्या आहेत.

डॉमिनंटचे पाकीट उघडले तर जुना इतिहास जागच्या जागी सापडतो. ए आणि डी पेरलॉनवर ॲल्युमिनियमच्या, जी पेरलॉनवर चांदीची आणि ई पोलादाची. ई सुरावर टिकेल आणि पोलादासारखी बोलेल अशी कृत्रिम धाग्याची तार अजून सर्रास चालू झालेली नाही. सेटमधली ई काढून दुसऱ्या कंपनीची, सोन्याचा मुलामा दिलेली किंवा शीळ न घालणारी वेष्टनाची ई चढवणे ही वादकांची नेहमीची सवय आहे. सुटी तार निवडण्याची जुनी रीत त्या एका जागी शिल्लक आहे. आतडेही संपले नाही. जुने संगीत जुन्या वाद्यांवर वाजवण्याची चळवळ 1960-70 च्या दशकांत वाढली आणि साध्या आतड्याच्या तारांना नवी मागणी आली. साल्लेचे कारागीर मात्र तोवर पांगले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात गेलेल्या डाडारिओ कुटुंबाने पुढे गिटारच्या नायलॉन आणि धातूच्या तारांत मोठे नाव कमावले.

भारतात व्हायोलिन दोन दारांनी आले. मद्रासकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितर (1786-1859) यांनी ते युरोपीय वादकाकडून शिकून कर्नाटक संगीतात बसवले. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपीसह ते शिकवले जाई आणि तिथे तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा तंतुवाद्यांचा ताफा उभा केला. माजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले ठळक नाव. हिंदुस्थानी रागसंगीतात गजाननराव जोशी, गोव्याचे श्रीधर पार्सेकर, वाईचे विष्णू गोविंद जोग (1922-2004) आणि दामोदर केशव दातार (1932-2018) यांनी गायकीच्या अंगाने व्हायोलिन वाजवले.

तारांच्या दृष्टीने वाद्यवृंद आणि रागसंगीत या दोन परंपरांचे व्यवहार वेगळे आहेत. वाद्यवृंदातला वादक पाकिटावर लिहिलेल्या सुरांनाच तार लावतो. रागसंगीतातला वादक तारा षड्ज-पंचमात लावतो. कर्नाटक पद्धतीत सा-प-सा-प, हिंदुस्थानी वादकांत त्याच जोडीच्या एकाहून अधिक जुळण्या. पाश्चात्त्य जुळणीत सर्वांत खालच्या आणि वरच्या तारेत एकवीस अर्धस्वरांचे अंतर असते, सा-प-सा-प मध्ये एकोणीसच. षड्ज पांढरी पाचवर धरला तर जी आणि डी जागेवर राहतात, पण ए आणि ई प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरतात. पूर्ण स्वर उतरला की ताण सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो. म्हणजे कारखान्याने तोलून दिलेल्या संचातल्या वरच्या दोन तारा सैल आणि खालच्या दोन घट्ट, अशी अवस्था होते. षड्ज आणखी खाली घेतला तर चारही सैलावतात. त्यात मींडेसाठी बोट तारेवरून अखंड सरकत असते, त्यामुळे वेष्टन चपट्या फितीचे आणि घासून गुळगुळीत केलेले हवे. गोल तारेच्या वेष्टनावर बोट सरकताना करकर ऐकू येते.

या असमतोलावर उपाय जुनाच आहे. एकाच नावाच्या तारा कारखाने तीन जाड्यांत देतात, आणि व्हिएन्नाच्या पाकिटांवर त्या वाइख, मिट्टल, श्टार्क अशा जर्मन नावांनी छापलेल्या असतात: हलकी, मध्यम, भारी. उतरवून लावायच्या तारा भारी जाडीच्या घेतल्या की गेलेला ताण बराचसा परत मिळतो, आणि ज्या जागेवरच राहतात त्या मध्यम घेतल्या की पुरते. अशा वादकाला बंद पाकीट सोडून तारा पुन्हा सुट्याच घ्याव्या लागतात.